बेबीताईंना चालत नाही

नांदुऱ्यात आपल्याइतका अक्कल पाजळणारा गाढव दुसरा झाला नाही, असं इंद्रभान साळवे स्वतःच सांगतो. स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं कल्हईचं दुकान आहे. दुकान म्हणजे वर पत्रा, खाली भट्टी, बाजूला भाता आणि समोर एक लाकडी बाक. बाकावर कोणी टेकलं की इंद्रभान त्याला आपली फजिती ऐकवतो. दुसऱ्यांच्या फजित्याही त्याला पुष्कळ ठाऊक आहेत. पण त्या सांगितल्या की भांडणं होतात, आणि स्वतःची सांगितली की लोक चहा पाजतात, असा त्याचा अनुभव आहे.

स्टीलच्या जमान्यात कल्हईला कोण विचारतो? लग्नाच्या स्वयंपाकाचे आचारी पितळी गंज, म्हणजे मोठी पातेली, आणतात, बाकी दिवस कुकरच्या शिट्ट्या बदलण्यात जातात. पण इंद्रभानची खरी कमाई, त्याच्या मते, ज्ञानाची. तो ख्रिस्ती. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. बापाने मात्र पोराचं नाव इंद्रभान ठेवलं, कारण उंद्रीच्या पाटलाच्या पोराचं तेच होतं आणि ते त्याला भारदस्त वाटलं. चर्चच्या मंडळीतल्या शमुवेल, दानिएल, योनाथान यांच्यात आपलं नाव देवळातून पळून आल्यासारखं दिसतं, म्हणून इंद्रभानने शास्त्र जरा जास्तच पाठ केलं. रविवारी तो साक्ष द्यायला उभा राहिला की पाळक घड्याळाकडे बघतात आणि त्याची बायको कोकिळा चपला शोधायला लागते.

आता बेबीताई. वय पाऊणशेच्या पुढे. खरं नाव रिबेका, आडनाव वाकरुळकर. नवरा रेल्वेत गार्ड, म्हणून चाळीसेक वर्षांपूर्वी कोकणातल्या लोकांत वाढलेल्या या बाई नांदुऱ्यात येऊन पडल्या. पुढे नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण झाल्या. ही माणसं ज्यू, स्वतःला बेने इस्राएल म्हणवणारी. अख्ख्या गावात त्यांचं एकच घर. त्यामुळे गावाने आपल्या सोयीने त्यांना वाटून घेतलं होतं. डुक्कर खात नाहीत म्हणून कोणी मुसलमान समजे, नाव रिबेका म्हणून कोणी ख्रिश्चन समजे, आणि नऊवारी नेसतात म्हणून बाकीचे काहीच समजत नसत. गॅसच्या कचेरीत धर्माच्या रकान्यात बाबूने विचारून न घेताच 'ख्रिश्चन' लिहून टाकलं होतं. बेबीताईंनी ते लाल पेनने खोडून दिलं.

त्या लाल पेनचा प्रसाद इंद्रभाननेही खाल्ला होता. बेबीताईंचं घर त्याच्या घरापासून चौथं. त्यांची भांडी कल्हई करून दिली की तो प्रत्येक गंजात तारणाचं एक पत्रक ठेवून द्यायचा. देवाने निवडलेल्या या प्रजेतलं एखादं माणूस आपल्या हातून तारलं गेलं तर वर आपली वट वाढेल, असा साधा हिशेब. पत्रक आठ दिवसांत परत यायचं. ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केलेलं, आणि खाली शेरा: 'अक्षर बरे. विचारात घाई. दहापैकी सहा.' एकदा त्याला सात मिळाले, तेव्हा ते पत्रक त्याने जपून ठेवलं. अजून आहे.

पण या हसण्याखिदळण्याखाली एक काटा होता.

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला कोकिळाने मटणाचा पुलाव केला, वर केशर घातलेली खीर. इंद्रभान स्वतः ताट घेऊन गेला. बेबीताईंनी दारातच ताटाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "रागावू नकोस इंद्रभान. आम्हाला चालत नाही."

बस. एवढंच. पण तो शब्द त्याला नेमका कुठे लागला हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. लहानपणी तो बापाबरोबर उंद्रीकडच्या गावांत भांडी कल्हई करायला जायचा. बाया भांडं हातात देत नसत, खाली ठेवत आणि मागे सरत. काम झालं की बाप भांडं पुन्हा खालीच ठेवी. मग त्याच्या डोळ्यांदेखत चिंच लावून ते पुन्हा घासलं जाई. पोराने एकदा विचारलं, "बाबा, आपन आत्ताच तर चमकोलं ना?" बाप भाता ओढता ओढता म्हणाला, "त्याहिले आपल्या हातचं चालत नाई." घरात बाप्तिस्मा आला होता, नाव पाटलाचं होतं, पुढे गावही सुटलं, पण तो शब्द इंद्रभानच्या पोटात तसाच बसून होता. आणि आता तोच शब्द निघाला चक्क अब्राहामाच्या लेकीच्या तोंडून!

त्या दिवशी त्यानेही पुलाव खाल्ला नाही.

शहाण्या माणसाने तिथे विषय सोडला असता. इंद्रभानने दर नाताळाला ताट पाठवणं सुरू ठेवलं. "शेजाऱ्यावर प्रेम करा अशी आज्ञा हाय," असं तो कोकिळाला सांगे. आता तो कबूल करतो की त्यात प्रेम चिमूटभर होतं आणि परीक्षा मूठभर. ताट परत यायचं. रिकामं कधीच नाही. अन्न जसंच्या तसं, आणि सोबत कधी साखर असायची, कधी दोन मोसंब्या. पण परत यायचं. मग त्याने मनातल्या मनात बाईंचं नाव 'परूशीण' ठेवलं, आणि मंडळीत, शास्त्रातल्या त्या वरवर सोवळं पाळणाऱ्या परूशी लोकांवर साक्षी द्यायला सुरुवात केली. प्याले धुतात, घागरी धुतात, पितळेची भांडी धुतात, पण अंतःकरण धूत नाहीत, असं तो हात उंचावून सांगे. पितळेची भांडी धुणाऱ्यांवरच आपलं पोट चालतं, हे मात्र त्याच्या टाळक्यात कधी आलं नाही.

कारण दर साली उन्हाळ्याच्या तोंडाशी, त्यांच्या वल्हांडणाच्या सणाआधी, बेबीताई घरातली सगळी पितळी भांडी घेऊन यायच्या. इतर गिऱ्हाइकं भांडी टाकून जात. या छत्री उघडून बाकावर बसून राहत. गंज भट्टीवर तापायचा, नवसागराचा पांढरा धूर उठायचा, इंद्रभान कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसायचा, आणि बाई म्हणायच्या, "अजून ताव दे. अजून. लाल होऊ दे बाबा." त्यावर घरी नेऊन त्या सगळी भांडी उकळत्या पाण्यात बुडवीत, हेही त्याला कोकिळाकडून कळलं होतं. तेव्हा त्याच्या डोक्यात एकच विचार येई: ही तर चिंचेपेक्षा वरताण झाली.

यंदा फेब्रुवारीत बेबीताई आल्या त्या रिकाम्या हातांनी. बाकावर बसल्या, छत्रीही उघडली नाही.

"यंदा भांडी नाहीत रे. लेक न्यायला येतेय. ठाण्याला. आता एकटीला राहू द्यायची नाही म्हणते. खोली विकली."

इंद्रभानच्या हातातला भाता थांबला. त्याला वाटलं होतं, परूशीण जाणार म्हटल्यावर आपल्याला हायसं वाटेल. पण झालं उलटंच. आता पत्रकं कोण तपासणार? छत्री उघडून या बाकावर कोण बसणार? आणि मग तो जुना शब्द वर आला. बाई एकदा ठाण्याला गेल्या की झालं. आपल्या घरचा एक घास न खाता गेल्या, हेच कायमचं उरणार.

"बेबीताई," तो म्हणाला, "जायच्या आंधी माह्या घरी एक डाव जेवा. नाई जेवल्या तर मी काय समजाचं थे समजीन."

"काय समजशील?"

आणि मग सगळं बाहेर पडलं. उंद्री, चिंच, बाप, पुलाव, सगळी परत आलेली ताटं. मधेच त्याने 'परूशी' हा शब्दही वापरला आणि लगेच जीभ चावली. रस्त्याने जाणारे दोघे थांबून ऐकायला लागले. बेबीताई वर्गात उत्तर ऐकावं तशा शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"झालं बोलून? मांडणी चांगली होती," त्या म्हणाल्या, "पण उत्तर साफ चुकलं. अरे, आमच्यात मटण आमच्या पद्धतीने कापलेलंच खातात. इथे कापणारा कोण? नांदुऱ्यात आले तेव्हापासून मी मटणाला शिवले नाही. आणि मटणाबरोबर दूध तर मुळीच नाही. तू पुलावावर खीर घालून आणलीस! आमच्या शाळेतल्या सरस्वतीबाईंच्या लेकीच्या लग्नात मोठमोठ्यांच्या पंगतीत मी केळं खाऊन उठले, ते पाहिलं नाहीस?"

"पन भांडे? थे उकळत्या पान्यात..."

"ते सणाचं. सणात आंबवलेलं काही खात नाही, म्हणून भांड्यांतलं वर्षभराचं खमीर घालवायचं. ते आमचं आमच्यापाशी." मग त्यांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुझ्या हातचं चालत नसतं, तर आमच्या सगळ्यात मोठ्या सणाची भांडी मी तुझ्या हातात दिली असती का रे, शहाण्या?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न इंद्रभानला एकदाही पडला नव्हता. थांबलेल्या दोघांपैकी एक जण हसला. त्याला चहा पाजायला हवा होता, असं इंद्रभान आता म्हणतो, कारण तो हसला म्हणून तरी आपलं उघडं पडलेलं तोंड बंद झालं.

"आता माझा प्रश्न," बेबीताई म्हणाल्या. "एलियाहू हन्नबीच्या नावाचा मालिदा मी दर वर्षी तुझ्या घरी पाठवते. गोड पोहे, खोबरं, वेलची, बदाम. तू कधी खाल्लास?"

इंद्रभानने उगाच निखारे सारखे केले. त्याने तो कधीच खाल्ला नव्हता. तो वाहिलेला प्रसाद आहे आणि वाहिलेलं खाऊ नये, असं त्याचं ठाम मत होतं.

"थो... वाह्यलेला असते ना."

"कोणाला?"

"एलियाले."

"एलिया कोण?"

"संदेष्टा. आमच्याच शास्त्रातला..." इथे त्याचा आवाज खाली आला. "म्हंजे... तुमच्याच. पन आमाले थे तसं... चा..."

पुढची अक्षरं त्याने गिळली. बेबीताईंनी ती ऐकली नाहीत असं दाखवलं. दुसऱ्याच्या डोळ्यातल्या कुसळावर इंद्रभानने मंडळीत किमान वीस साक्षी दिल्या असतील, आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ एका मास्तरणीने भर रस्त्यात काढून बाकावर ठेवलं.

घरी येऊन त्याने कोकिळाला विचारलं, "मी तुले मालिदा शेळीले घालाले सांगत होतो. तू घालत होती ना?"

कोकिळा कणीक मळत होती. "आपल्या घरी शेळी हाय कुठं?"

"मंग?"

"मंग काय? मीच खात होती. एलिया आपलाच हाय ना. बदाम टाकते बाई, वाया काऊन घालाचे?"

"आन् मले सांगतलं काऊन नाई?"

"तुमी इचारलं कवा? तुमी साक्ष देऊन राह्यले होते."

तर अशा रीतीने घरातला सगळ्यात सहनशील माणूस कोण, हे इंद्रभानला सहासष्टाव्या वर्षी कळलं.

जेवणाचा दिवस ठरवायलाच दोन चकरा झाल्या. शुक्रवारी संध्याकाळी बेबीताईंचा दिवा लागतो. शनिवारी त्यांच्यात चूल पेटत नाही. रविवारी इंद्रभानची मंडळी. शेवटी सोमवारी दुपारी ठरलं. सोमवार महादेवाचा, तेव्हा त्या दिवशी आपण दोघंही मोकळे, असं बेबीताई म्हणाल्या. जेवण साधं, मटण नाही. भांडी मात्र ज्यांत कधी मटण शिजलेलं नाही अशी, नाहीतर चांगला जाळ घेतलेली.

"जाळाचं माह्याकडं सोडा," इंद्रभान म्हणाला, आणि तिथेच चुकलं. आतापर्यंत बाई अजून ताव दे म्हणायच्या. आता याच्याच अंगात आलं. त्याने घरातलं एकूण एक पितळी भांडं भट्टीवर चढवलं. गंज, परात, वरणाची बटलोई, आंघोळीचा बंब. कोकिळाने विचारलं, "बंबात जेवाचं हाय का?" पण तो ऐकण्यापलीकडे गेला होता. भाता ओढता ओढता त्याने नादात पोळ्यांचा तवाही निखाऱ्यावर ठेवला, मुठीसकट. मूठ प्लॅस्टिकची होती. स्टेशनापर्यंत वास गेला. शेजारचा पानवाला नाक धरून विचारायला आला, तेव्हा चाळीस वर्षं भट्टीपुढे बसलेल्या या कारागिराने त्याला सांगितलं की हा एक धार्मिक विधी आहे.

सोमवारी बेबीताई बाराला आल्या. पांढरी नऊवारी, हातात काठी. चुलीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "गॅस मी पेटवते. आमच्यात पेटवणारा हात आमचा असला की बरं." कोकिळाने काडेपेटी पुढे केली. इंद्रभानला आत कुठेतरी जरा टोचलं, सवयीने. मग त्याने स्वतःलाच दटावलं: लेका, बाई तुझ्या घरात चूल पेटवून राहिल्या, अजून काय पाहिजे?

वांग्याचं भरीत, तुरीचं वरण, भात, पोळ्या, लोणचं. ताटं वाढली. तिघं बसली. आणि जेवणाआधी घरच्या कर्त्याने प्रार्थना करायची, हे त्या घरातलं ठरलेलं.

इंद्रभान या प्रार्थनेसाठी रविवारपासून तयारी करत होता. त्यात त्याने अब्राहाम, इसहाक, याकोब असे दोन्ही घरचे पूर्वज बसवले होते, लग्नपत्रिकेत बसवतात तसे. डोळे मिटून त्याने सुरुवात केली. अन्नाबद्दल उपकार मानले. बेबीताईंच्या प्रवासासाठी मागणं मागितलं. याकोबापर्यंत सगळं सुरळीत गेलं. "हे सगळं आमी..." तो म्हणाला, आणि अडकला.

कारण पुढे एक नाव येतं. त्या नावाशिवाय त्याने आयुष्यात एकही प्रार्थना संपवली नव्हती. पाण्याचा घोटसुद्धा त्या नावाने घेतला होता. ते नाव घेतलं आणि बाईंनी ताटावरून हात काढला, तर सगळी वर्षं पाण्यात. आणि नाही घेतलं, तर मग हे घर कोणाचं, आणि जेवू घालणारा तो तरी कोण? रविवारभर तयारी केली आणि नेमकी हीच गोष्ट याच्या डोक्यात आली नव्हती. भरताची वाफ त्याच्या नाकावर येत होती. कोकिळाने एक डोळा उघडून पाहिलं.

"अडकलास का रे?" बेबीताई म्हणाल्या.

इंद्रभानने डोळे मिटलेलेच ठेवले आणि मान हलवली.

"घे ना नाव. तुझ्या घरात तुझ्या देवाचं नाव घ्यायची चोरी आहे का? मी आमेन म्हणणार नाही. तेवढं माझ्याकडून मागू नकोस. पण जेवणार आहे मी. भूक लागलीय."

"प्रभू येशूच्या नावे मागतो," इंद्रभान म्हणाला. आवाज फाटला होता. कोकिळा आमेन म्हणाली. बेबीताईंचे ओठ मिटलेले होते आणि डोळे उघडे. त्यांनी ना खोटं आमेन म्हटलं, ना तोंड वाकडं केलं. इंद्रभानला आतून रडू आलं. इतकी वर्षं तो या बाईंना आपल्यासारखं करू पाहत होता, आणि त्यांनी त्याला एका वाक्यात जसा आहे तसा ताटावर बसवून घेतलं होतं.

मग बेबीताईंनी पोळीचा तुकडा मोडला, मिठाला लावला, आणि त्यांच्या शास्त्राच्या हिब्रू भाषेत, हळू आवाजात, एक लहानशी प्रार्थना म्हटली. ती संपली. तुकडा तोंडाशी नेता नेता त्या क्षणभर थांबल्या.

इंद्रभानला आधी कळलं नाही, त्या कशासाठी थांबल्या. मग कळलं. हा आवाज कोणीतरी उत्तर देईल म्हणून थांबणारा होता. गार्डसाहेब गेल्याला बारा वर्षं झाली होती. लेक ठाण्याला. बारा वर्षं ही बाई चार घरं पलीकडे रोज पोळीवर हे शब्द म्हणत होती, असंच थांबत होती, आणि समोर कोणी नव्हतं. आणि हा तिच्या गंजात पत्रकं ठेवत होता.

"आमेन," इंद्रभान म्हणाला. मंडळीत म्हणतो तसा, मोठ्याने.

बेबीताईंनी घास तोंडात घातला. सावकाश चावला.  मग पदराने डोळे पुसले, वरणाची वाटी जवळ ओढली आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे हं कोकिळा. वाढ अजून."